चांदी काळी पडली तेव्हा

रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायला निघणाऱ्या माणसांबद्दल माझे मत पक्के होते : पोट भरलेल्यांची हौस. विज्ञानाची व्याख्याने ऐकायला जाणारेही त्याच माळेतले. ज्याला शनिवारी कारागिरांची मजुरी भागवायची नसते त्याने खुशाल कृष्णविवरांवर चर्चा करावी, असे मी म्हणायचो. नुसते मनात नव्हे. घरात, दुकानात, महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवायचो. आज ते मत माझे नाही. ते कसे गेले हे सांगायचे तर एका कारागिरावर मी केलेला अन्यायही सांगावा लागतो. लिहायला इतका उशीर झाला तो त्यामुळेच.

मी हुपरीचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातले हे आमचे गाव चांदीवर जगते. पैंजण, वाळे, जोडवी, करदोटे इथे घरोघर घडतात. एकाच्या घरी आटणी, दुसऱ्याच्या घरी तार ओढायची, तिसरा घुंगरू करणार, चौथ्याकडे झाळकाम. कड्या जोडायचे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. एक पैंजण पायात पडेपर्यंत आठ-दहा हातांतून फिरलेला असतो. आमच्या घरचा धंदा म्हणजे चांदी देऊन मजुरीवर माल करून घ्यायचा आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना पोचवायचा. मुंबईच्या फेऱ्या त्यासाठीच. रात्री गाडीत बसायचे, सकाळी माल द्यायचा, हिशेब करायचा, रात्री परत. मुंबईत याहून वेगळे काही करता येते, हे माझ्या गावीही नव्हते.

ते मत कुठून आले, याचा विचार मी नंतर केला. १६ फेब्रुवारी १९८०चे सूर्यग्रहण मला आठवते. कर्नाटकात अंकोल्यापासून रायचूरपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते, आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ ते पाहायला भारतात आले होते. आम्ही त्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर राहणारे. आमच्या घरी खिडक्या बंद, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्रे आणि मुलांना दम : बाहेर पाऊल टाकायचे नाही. मी दाराच्या फटीतून जमिनीवर पडलेला उजेड पाहत बसलो. आभाळाकडे बघणे हे दुसऱ्या कुणाचे तरी काम आहे, आपले नव्हे, एवढे त्या दिवशी डोक्यात बसले. पुढे शाळेत विज्ञान आले ते मार्कांपुरते. दहावी झाली, मी कारखान्यात बसू लागलो, पुस्तके माळ्यावर गेली.

खरे तर त्या हौशी लोकांबद्दल मला तुच्छता वाटत नव्हती, भीती वाटत होती. तिथे गेलो आणि कुणी इंग्रजीत काही विचारले तर? शिक्षण किती, असे विचारले तर? भीती आहे हे कबूल करण्यापेक्षा त्यांना रिकामटेकडे म्हणणे सोपे होते. आणि मी सोपे तेच केले.

आता त्या कारागिराबद्दल.

एका वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आमचा माल परत येऊ लागला. पैंजण काळवंडले होते, काहींवर निळसर-काळा थर होता. व्यापारी म्हणाला, तुमच्या चांदीत खोट आहे. टंच, म्हणजे चांदीचा कस, तपासून घेतला तर बरोबर भरला. तिथेच मी थांबायला हवे होते. पण माल परत आला होता, पैसे अडकले होते आणि मला कुणावर तरी राग काढायचा होता. आमच्या धंद्यात जुना संशय असतो झाळीचा. सांधे जोडायच्या या झाळीत चांदी कमी असते. कारागिराने ती हात सैल सोडून वापरली तर वजन भरते आणि चांदी मागे उरते. ते पैंजण झाळले होते एका वयस्कर कारागिराने. माझ्या वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे काम करत. मी चार लोकांसमोर म्हणालो, "मामा, झाळ जरा जास्तच पडतीया म्हणं." ते काही बोलले नाहीत. मी त्यांची मजुरी कापली आणि हळूहळू त्यांच्याकडे काम देणे बंद केले.

त्याच हातचा, त्याच आटणीचा माल इंदूरलाही जात होता. तिकडून एक नगही परत आला नव्हता. ही गोष्ट माझ्या वहीत लिहिलेली होती. वही रोज उघडत होतो. पण एकच माल एका गावात काळा पडतो आणि दुसऱ्या गावात नाही, तर मालात काय बघायचे आणि गावात काय बघायचे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. कारण शोधायच्या ऐवजी मी माणूस शोधला.

माझी पुतणी तेव्हा मुंबईत शिकत होती. एका फेरीत शनिवारी हिशेब अडकला आणि मला रविवारी थांबावे लागले. ती म्हणाली, "काका, खोलीवर बसून काय करणार? चला की माझ्याबरोबर." तिने नेले माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. टाटा मूलभूत संशोधन संस्था २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' नावाचा कार्यक्रम करते. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि रुपारेलमध्ये, रविवारी सकाळी. प्रवेश फुकट, चहाही मिळतो. मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो, म्हणजे उठून जाता यावे. बोलणे इंग्रजीत होते, मधूनच हिंदीत. निम्मे डोक्यावरून गेले. पण एक गोष्ट टोचली. एका शाळकरी मुलाने अगदी साधा प्रश्न विचारला. आमच्या वर्गात विचारला असता तर छडी मिळाली असती असा. बोलणारा शास्त्रज्ञ थांबला, प्रश्न पुन्हा सगळ्यांना ऐकवला आणि उत्तर द्यायला फळ्यापाशी गेला. कुणी हसले नाही. चहा पिताना मी पुतणीला म्हणालो, "बरं होतं." याहून जास्त कबूल करायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या एका फेरीत तिने शिवडीला न्यायचे ठरवले. रोहित पक्षी बघायला. मी म्हणालो, "पक्षी बघायला मुंबईला कशाला यायला पाहिजे? आमच्या उसात काय कमी आहेत?" ती म्हणाली, "मग सांगा बरं, उसात कुठले कुठले असतात?" मला बगळा, चिमणी, कावळा यापलीकडे जाता येईना. तोड लागली की तोडकऱ्यांच्या मागून किडे टिपत चालणारे गायबगळे मी जन्मभर पाहिले. त्यांची चोच पिवळी की काळी, हे छातीठोक सांगता आले नसते.

निसर्गाच्या अशा सहलींची मुंबईला जुनी सवय आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ची. आम्ही गेलो तो गट अगदी साधा होता. शिक्षक, बँकेतला एक माणूस, दोन आज्या, कॉलेजची मुले. वेळ ठरली होती ओहोटी पाहून, कारण चिखल उघडा पडल्याशिवाय हे पक्षी चरायला उतरत नाहीत. अटल सेतू तेव्हा व्हायचा होता, त्याचे काम चालू होते. जेट्टीवर एका बाजूला गंजलेली जहाजे आणि समोर चिखलात गुलाबी रेघ. दुर्बिणीतून ती रेघ म्हणजे हजारो पाय आणि माना निघाल्या. मान खाली, चोच उलटी बुडवून ते पाणी गाळत होते. सोबतच्या तरुणाने सांगितले की पिसांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळातल्या आणि बारीक जिवांतल्या रंगद्रव्यांमुळे. ऐकायला छान होते. तरी माझे सगळे लक्ष वासाकडे होते. अंडी नासल्यासारखा वास. मी नाकाला रुमाल लावला आणि मनात म्हणालो, हे बघायला लोक सुट्टी घालवतात!

त्या तरुणाने माझा रुमाल पाहिला असावा. तो म्हणाला, "वासाबद्दल सांगतो, कारण या वासावरच हे सगळं उभं आहे." त्याने एक काठी घेतली आणि कडेच्या चिखलात खुपसून बाहेर काढली. मी अगदी जवळ उभा होतो. वरचा बोटभर थर तपकिरी होता. त्याखालचा चिखल एकदम काळा, शाईसारखा, आणि काठीवर ती रेघ स्पष्ट दिसत होती. तो म्हणाला, तपकिरी थरापर्यंत हवा पोचते. त्याखाली ऑक्सिजन नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. खालचे जीवाणू ऑक्सिजनच्या जागी ते वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तोच हा वास. त्याचा चिखलातल्या लोहाशी संयोग होतो, लोहाचे सल्फाइड तयार होते, ते काळे असते. म्हणून चिखल काळा.

हायड्रोजन सल्फाइड. हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला होता ते मला तिथल्या तिथे आठवले, आणि अंगावर काटा आला. दहावीचे पुस्तक. शास्त्रीय कारणे द्या : चांदीच्या वस्तू काही काळाने काळ्या पडतात. उत्तर : हवेतील हायड्रोजन सल्फाइडशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. हे उत्तर मी तोंडपाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते, मार्क घेतले होते. ज्या घरात बसून पाठ केले त्या घराच्या पुढच्या खोलीत चांदीची आटणी चालू होती. पुस्तकातली चांदी आणि आमच्या मुशीतली चांदी एकच, हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही, आणि पुढे इतकी वर्षे मलाही सुचले नाही.

मी भीत भीत विचारले, "चांदीचं बी असंच होतं काय?" त्याने माझ्या हातातल्या कड्याकडे पाहिले. "हो, हाच वायू. खाडीच्या, नाल्याच्या काठच्या घरांत चांदी लवकर काळी पडते. तुमचा अनुभव काय?"

माझा अनुभव काय! आमच्या त्या व्यापाऱ्याचे गोदाम खाडीच्या काठावर होते. मी तिथे कितीदा गेलो होतो, दारात उभे राहून नाकाला रुमाल लावला होता, आत जाऊन माल काळा का पडला म्हणून वाद घातला होता. वास आणि काळा माल एकाच खोलीत होते. त्यांची सांगड मी घातली नाही. तो तरुण माझ्याकडे बघत होता, सगळा गट बघत होता. मी नुसते "पडते की" म्हणालो आणि गप्प झालो. परत येताना पुतणी रोहित पक्ष्यांबद्दल काहीबाही बोलत होती. माझ्या डोळ्यांसमोर मामा होते, मान खाली घालून चार लोकांसमोर उभे असलेले.

तरी माझ्यातला व्यापारी लगेच शरण गेला नाही. एवढ्यावर विश्वास ठेवायचा तर मीच चुकलो होतो, आणि ते मान्य करण्याआधी खात्री पाहिजे होती. हुपरीला आल्यावर प्रयोग केला. आमच्या घरात अंडे येत नाही, म्हणून कारखान्याच्या मागच्या खोलीत. तीन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत सोललेले उकडलेले अंडे आणि शुद्ध चांदीच्या लगडीचा तुकडा. दुसरीत तसेच अंडे आणि परत आलेल्या मालातली, घासून साफ केलेली कडी. तिसरीत अंडे न घालता त्याच मालातली दुसरी कडी. झाकणे लावली. काही तासांतच अंड्याजवळच्या चांदीच्या दोन्ही नगांवर पिवळट छटा आली, मग तपकिरी, दुसऱ्या दिवशी निळसर काळी. अंडे नसलेल्या बरणीतली कडी होती तशीच. शुद्ध चांदीही काळी पडली होती. हलक्या टंचाची चांदी जरा लवकर काळवंडते हे खरे, कारण तीत तांबे असते. पण चांदी काळी पडली म्हणून ती खोटी, असे म्हणता येत नाही. आणि मी ते म्हटले होते.

उलटा प्रयोगही केला. अ‍ॅल्युमिनियमचा कागद भांड्याच्या तळाशी, त्यावर काळ्या कड्या, खायचा सोडा आणि कडकडीत पाणी. काळा रंग बघता बघता उतरला. यात सल्फाइडमधला गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी चांदीच्या जागी राहते. आम्ही ब्रशने आणि पावडरीने घासून काढत होतो, त्यात थोडी चांदी प्रत्येक वेळी निघून जात होती. वजनावर जगणाऱ्या धंद्यात ही गोष्ट मला बाहेरच्या माणसांकडून शिकावी लागली. ज्यांना मी रिकामटेकडे म्हणत होतो, त्यांच्याकडून.

मग मामांकडे गेलो. जायला किती टाळाटाळ केली ते सांगत नाही. कापलेली मजुरी बरोबर नेली होती आणि बरण्यांची गोष्टही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गटारीकडंच्या घरात जोडवी लवकर काळी पडत्यात, हे गल्लीतल्या बायकांस्नीबी ठावं हाय. तुम्ही इचारलं कुठं?" पैसे त्यांनी घेतले, मोजून घेतले. आमच्याकडे कामाला मात्र ते परत आले नाहीत.

त्यांचे बोलणे मला शिवडीच्या चिखलापेक्षा जास्त लागले. ज्ञान फक्त मुंबईच्या सभागृहात नव्हते, माझ्याच गल्लीत होते. बघणाऱ्या बायकांकडे होते, राबणाऱ्या मामांकडे होते. नव्हती ती विचारायची रीत. मालक विचारत नाही, मालक सांगतो, या तोऱ्यात मी वाढलो. माटुंग्यातल्या त्या सभागृहात मला जे टोचले ते हेच होते : तिथे मोठा माणूस लहान पोराच्या प्रश्नापुढे थांबत होता. मी माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसासमोर थांबलो नव्हतो.

या शहरी कार्यक्रमांबद्दल माझ्या तक्रारी अजूनही आहेत. इंग्रजी फार असते. मजुरी करणाऱ्या माणसाला रविवारची सकाळ मोकळी नसते. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून हे काम करते, तिचे चुनाभट्टीचे विज्ञान भवन मला फार उशिरा कळले. तसे आणखी कितीतरी व्हायला हवे. पण हौस हा शब्द मी मागे घेतला आहे, आणि त्याला कारण आमचेच कारखाने. नायट्रिकच्या तेजाबात चांदी गाळताना जो तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो फुप्फुसे खराब करतो. कोंदट खोलीत त्या धुरात उभा राहणारा पोरगा आणि त्याचा मालक, दोघांनाही हे माहीत असायला हवे. विज्ञानाचे व्याख्यान ही पोट भरलेल्यांची गरज नंतर. आधी ती त्या पोराची गरज आहे.

आणखी एक गोष्ट कळली. जिथे मोठमोठे संगणक ठेवलेले असतात, त्या खोल्यांत तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर टांगतात आणि त्यांच्यावर किती थर चढला ते मोजतात. त्यावरून तिथली हवा यंत्रांना किती मारक आहे ते ठरते. चांदी काळी पडण्याकडे मी मालातला दोष म्हणून बघत आलो. ते लोक तिलाच हवेची तपासणी करायला लावतात. पंचगंगेला उन्हाळ्यात केंदाळ माजते, पाण्याला घाण सुटते, मासे मरून वर येतात. त्या काठावर आपल्या गावची तार टांगून बघायला काय हरकत आहे? तार आपल्याकडे आहे, नदी आपल्याकडे आहे.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्या अभिमानाने आमच्या पोरांच्या हातात दुर्बीण आली नाही. दुर्बीण नसली तरी आभाळ बघता येते : मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ते बघायला तिकीट लागत नाही, मुंबईही लागत नाही.

म्हणून हुपरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या माझ्या धंदेवाल्या भावांना, कारागिरांना आणि कड्या जोडणाऱ्या बहिणींना विनंती आहे. महिन्यातून एकदा जमू या. कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस धरू, मराठीत बोलू, चहा आमच्याकडून. एकदा टंच कसा काढतात ते पोरांना दाखवू, एकदा नदीवर जाऊ, एकदा तोडीच्या फडात पक्षी बघू. कॉलेजातले कुणी येऊन सांगतील, आणि काही गोष्टी आपल्यातलेच सांगतील. त्यांना आधी बोलू देऊ. यायला दुर्बीण नको, इंग्रजी नको. शिक्षण किती झाले हे तिथे कुणी विचारणार नाही.